कोरा राहणारा रकाना

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरीला लागलेल्या तरुणाला वर्षातून एकदा एक मेल येतो. ‘समता, विविधता आणि समावेश या विषयावरचे प्रशिक्षण अमुक तारखेपर्यंत पूर्ण करा.’ कामाच्या गडबडीत तो मेल तसाच पडून राहतो. मग मॅनेजरची आठवण येते, मग एचआरची. शेवटी जेवणाच्या सुट्टीत संगणकावर व्हिडिओ लावला जातो. हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे, तीन-चार काल्पनिक प्रसंग, शेवटी दहा प्रश्न आणि पास झाल्याचे प्रमाणपत्र. त्यानंतर एक छोटा फॉर्म उघडतो. प्रशिक्षण कसे वाटले? पाचपैकी किती तारे? आणि सगळ्यात खाली एक रकाना: ‘आणखी काही सांगायचे आहे?’

बहुतेक जण हा रकाना कोरा सोडतात. मुस्लिम नाव असलेले तर हमखास सोडतात. पाच तारे देऊन फॉर्म बंद केला की आपण कुणाच्या नजरेत येत नाही, हा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण तो आपल्याला महाग पडतो आहे, असे आम्हाला वाटते. का, ते या संपादकीयात मांडायचे आहे.

ऑफिसातली मते

अशा प्रशिक्षणाविषयी नोकरदार माणसे खासगीत जे बोलतात, त्याचे साधारण चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार समाधानाचा. ‘निदान बोलतात तरी,’ असे म्हणणारे. यात मुली जास्त दिसतात. वरिष्ठाने केलेली शेरेबाजी ही ‘गंमत’ नसून तक्रारीचा विषय आहे, हे त्यांना पहिल्यांदा अशाच एखाद्या सत्रात कळलेले असते. हे थोडे नाही.

दुसरा प्रकार कंटाळ्याचा. ‘खानापूर्ती आहे, एक टिक मारायची असते.’ हे मत सर्वांत जास्त ऐकू येते, आणि ते देणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक असतात.

तिसरा प्रकार रागाचा. ‘आम्ही काय गुन्हा केला? आम्हाला का शिकवता?’ बहुसंख्य समाजातला, स्वतःला सरळमार्गी समजणारा सहकारी हे म्हणतो. त्याच्या मते त्याच्या ऑफिसात भेदभाव नाहीच. त्याला खोटारडा ठरवण्याची घाई करू नये. ज्याला एखादी गोष्ट कधी भोगावी लागली नाही, त्याला ती दिसत नाही. त्याच्यावर आरोप झाल्यासारखे वाटले, की जे थोडे दिसू शकले असते तेही दिसेनासे होते.

चौथा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. तो मताचा नाही, गप्प राहण्याचा आहे. ‘तुझं मराठी किती छान आहे!’ हे वाक्य ज्याने सांगलीत, लातुरात किंवा चिपळुणात जन्मून, मराठी शाळेत शिकून शंभर वेळा ऐकले आहे, तो प्रशिक्षणात ‘नकळत होणारा दुजाभाव’ हा शब्द ऐकतो आणि खाली बघतो. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी ‘आज कुणाकडून?’ असे हसत विचारले गेलेले असते. कुठे बॉम्बस्फोट झाला की ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय येईल, याची धाकधूक असते. बदली झाल्यावर सहकाऱ्यांना आठवड्यात घर मिळते, आणि आपल्याला नाव सांगितल्यावर ‘जागा गेली’ असे उत्तर मिळते. यातले काहीच त्या अर्ध्या तासाच्या व्हिडिओत नसते. घरी सांगावे तर अब्बा म्हणतात, ‘जाने दे बेटा, नौकरी संभाल.’ त्यांचेही चूक नाही. त्यांनी अशाच दिवसांत घर चालवलेले असते.

ही चारही मते खरी आहेत. पण कंपनीच्या दप्तरात यातले एकही पोहोचत नाही. तिथे पोहोचतात ते तारे, आणि ताऱ्यांवरून निष्कर्ष निघतो की प्रशिक्षण उत्तम झाले.

बाहेरचा अनुभव काय सांगतो

या प्रशिक्षणांची घडण प्रामुख्याने अमेरिकेत झाली. हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवई इथल्या अनेक ऑफिसांची मुख्यालये तिकडेच आहेत. तिथले साहित्य थोडेफार बदल करून आपल्याकडे येते. म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांना काय वाटते, हे आपल्याही कामाचे आहे.

प्यू रिसर्च सेंटरने २०२३ साली अमेरिकेतल्या नोकरदारांची पाहणी केली. कामाच्या जागी समता-विविधतेवर भर देणे ही चांगली गोष्ट आहे, असे ५६ टक्के लोकांनी सांगितले; वाईट म्हणणारे १६ टक्के होते. वर्ष-दीड वर्षाने, २०२४च्या अखेरीस, हेच आकडे ५२ आणि २१ झाले. प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना ते उपयोगी वाटले होते. साधारण एक तृतीयांश लोक मात्र म्हणाले की उपयोगही नाही आणि तोटाही नाही. आपल्याकडचा तो ‘खानापूर्ती’चा सूर तो हाच.

लोकांना काय वाटते हा एक भाग. प्रशिक्षणाने काय बदलते हा दुसरा. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी आठशेहून अधिक अमेरिकी कंपन्यांची तीन दशकांची माहिती तपासली आणि २०१६ साली त्यावर एक गाजलेला लेख लिहिला. व्यवस्थापकांना सक्तीचे प्रशिक्षण दिलेल्या कंपन्यांत पाच वर्षांनी काय झाले? व्यवस्थापकपदावरच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण वाढण्याऐवजी सरासरी ९ टक्क्यांनी घटले होते. सक्ती केली की माणसे चिडतात आणि उलट वागतात, असा त्यांचा अर्थ होता. याउलट जिथे प्रशिक्षण ऐच्छिक होते, वरिष्ठांनी नव्या लोकांना हाताशी धरून शिकवले होते आणि भरती-बढतीच्या आकड्यांची जबाबदारी कुणावर तरी टाकलेली होती, तिथे प्रमाण सुधारले.

ब्रिटनमध्येही असेच झाले. तिथल्या सरकारने डिसेंबर २०२०मध्ये जाहीर केले की सरकारी नोकरांना दिले जाणारे ‘नकळत होणाऱ्या दुजाभावा’चे प्रशिक्षण हळूहळू बंद केले जाईल. त्याने वागणूक बदलते याचा पुरावा पुरेसा नाही, हे कारण देण्यात आले.

पुढे अमेरिकेत वारे पूर्ण फिरले. २० जानेवारी २०२५ रोजी, पदभार घेतल्याच्या दिवशीच, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी संघराज्य सरकारच्या कार्यालयांतील असे कार्यक्रम बंद करण्याचा आदेश काढला. मेटा, वॉलमार्ट यांसारख्या कंपन्यांनीही आपापले कार्यक्रम गुंडाळले किंवा आखडते घेतले. म्हणजे ज्या व्हिडिओकडे बघून आपण जांभई देत होतो, तो व्हिडिओ उद्या येणारही नाही, अशी वेळ काही ठिकाणी येऊ शकते. तेव्हा ‘बरे झाले, कटकट गेली’ असे म्हणायचे, की ‘त्याच्या जागी काय?’ असे विचारायचे, हे आपल्याला आजच ठरवले पाहिजे.

गाळलेला धडा

आपल्याकडच्या प्रशिक्षणात काय असते ते पाहा. स्त्री-पुरुष समानतेचा भाग असतो. अपंग सहकाऱ्यांविषयी असतो. अलीकडे समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीही असतो. हे सगळे असायलाच हवे. धर्म मात्र बहुधा सणांच्या चित्रांत येतो: दिवाळीचा कंदील, नाताळचे झाड, ईदची शेवया. जात तर बहुतेक ठिकाणी येतच नाही. भारतात माणसाला दारातून परत पाठवण्याची सर्वांत जुनी दोन कारणे भारतातल्याच प्रशिक्षणातून गाळलेली असतात.

असे का होते, याचे एक उत्तर कायद्यात आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा, ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात, खासगी मालकालाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती नेमावी लागते, ठरावीक काळाने जागृतीचे कार्यक्रम घ्यावे लागतात, वर्षाचा अहवाल द्यावा लागतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा खासगी आस्थापनांना समान संधीचे धोरण जाहीर करायला लावतो. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचा २०१९चा कायदा नोकरीत भेदभाव करायला मनाई करतो. धर्माच्या बाबतीत मात्र संविधानाच्या १६व्या अनुच्छेदाचे संरक्षण सरकारी नोकरीपुरते आहे. खासगी कंपनीने केवळ धर्मामुळे अर्ज फेटाळला तर थेट दाद मागता येईल, असा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे आजही नाही.

सच्चर समितीने २००६च्या अहवालात ‘समान संधी आयोग’ सुचवला होता. त्याचा आराखडा करण्यासाठी एन. आर. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गटही नेमला गेला. त्याने २००८ साली अहवाल दिला. आयोग काही झाला नाही. खासदार शशी थरूर यांनी आणलेले भेदभावविरोधी विधेयकही मंजूर झाले नाही.

भेदभाव होतच नसता, तर या पोकळीचे काही वाटले नसते. पण तो मोजला गेला आहे. विदर्भातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. पंधरा वर्षांनी, २०२२ साली, ‘लेड बाय फाउंडेशन’ने एक हजार नोकऱ्यांसाठी दोन तरुणींच्या नावाने तोडीस तोड अर्ज केले. हिंदू नावाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आले, मुस्लिम नावाला १०३ ठिकाणांहून. शिक्षण तेच, अनुभव तोच, आणि दारे अर्धी.

मे २०१५मध्ये तर मुंबईत एका हिरे निर्यात कंपनीने एका मुस्लिम पदवीधराला लेखी कळवले होते की आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो. त्या उत्तराची देशभर चर्चा झाली, कारण ते लेखी होते. जे लेखी नसते त्याची चर्चा होत नाही.

आता दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. कायद्याचे दार नीट उघडत नाही. अशा वेळी तुमच्या कंपनीने स्वतः लिहिलेले आचारसंहितेचे धोरण हाच हाताशी असलेला कागद उरतो. जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीच्या धोरणात ‘धर्म, जात, लिंग, वंश यांवरून भेदभाव केला जाणार नाही’ असे वाक्य असते. आणि ते वाक्य वर्षातून एकदा मोठ्याने वाचले जाते ते याच कंटाळवाण्या प्रशिक्षणात. म्हणून ते प्रशिक्षण आपल्यासाठी इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. ते वाक्य आमच्या ऑफिसात कसे पाळले जाते, हे विचारण्याची ती अधिकृत जागा आहे.

महाराजांनी मागितलेला तिमाही हिशेब

विविधता ही परदेशातून आलेली फॅशन आहे, असे काही जण म्हणतात. महाराष्ट्रात राहून असे म्हणणे आश्चर्याचे आहे. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकरीतल्या ५० टक्के जागा राखून ठेवल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेल्या जाती सोडून बाकी सगळे त्यात मोडत होते, मुसलमानही. १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात संस्था उभी राहिली, त्यामागेही महाराजच होते.

त्या आदेशातला एक भाग सहसा सांगितला जात नाही. ज्या कार्यालयात मागासवर्गीयांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची होती. आणि आदेशानंतर झालेल्या नेमणुकांचे पत्रक सर्व खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी सादर करायचे होते. महाराजांना माणसांची मने कळत होती. अधिकाऱ्याचे मन बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत त्याने कुणाला नेमले ते त्याने लिहून द्यावे, इतका साधा व्यवहार त्यांनी केला.

आजच्या कंपन्यांच्या अहवालांत हाच हिशेब गायब आहे. ‘सेबी’च्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३पासून जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात स्त्रिया किती, अपंग कर्मचारी किती, हे विचारलेले असते. भेदभावाच्या किती तक्रारी आल्या, हेही विचारलेले असते. धर्म आणि जात यांची मोजणी त्यात नाही. जे मोजले जात नाही त्याबद्दल मग म्हणता येते की आमच्याकडे तशी काही अडचण नाही. तक्रारींच्या रकान्यात शून्य असते, कारण तक्रार कुणी केलेलीच नसते.

मग लिहायचे काय?

आमचा सल्ला साधा आहे. तारे द्यायचे तेवढे द्या, पण रकाना भरा. राग ओतायला नको, उपकाराची भाषाही नको. एका सहकाऱ्याने दुसऱ्याला सांगावे तसे लिहा. तीन प्रकारची वाक्ये उपयोगी पडतील.

पहिले, जे नव्हते ते नोंदवा. ‘प्रशिक्षणात लिंग आणि अपंगत्वाविषयी चांगले प्रसंग होते. धर्म आणि जातीवरून होणाऱ्या शेरेबाजीचा एकही प्रसंग नव्हता. पुढच्या वेळी तो घ्यावा.’ यात कुणावर आरोप नाही, पण नोंद राहते. पाच जणांनी लिहिले तर पुढचे साहित्य तयार करणाऱ्याला ते टाळता येत नाही.

दुसरे, रस्ता विचारा. ‘धर्मावरून टिप्पणी झाली तर तक्रार कुणाकडे करायची? किती दिवसांत उत्तर मिळते? तक्रार करणाऱ्याचे नाव कोणाकोणाला कळते?’ लैंगिक छळाच्या बाबतीत ही तिन्ही उत्तरे कायद्याने ठरवून दिली आहेत. बाकीच्या बाबतीत ती कंपनीने ठरवायची असतात, आणि विचारल्याशिवाय ती ठरत नाहीत.

तिसरे, हिशेब मागा. मुलाखतीच्या मंडळावर एकाच गोतावळ्यातले लोक असू नयेत. पहिल्या चाळणीत अर्जावरचे नाव आणि फोटो झाकावेत. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारून गुण लिहून ठेवावेत. या गोष्टींना फार पैसे लागत नाहीत. एखाद्या व्हिडिओपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

थोडी व्यवहाराची सावधगिरीही हवी. ऑफिसच्या लॉगिनमधून उघडणारा फॉर्म ‘निनावी’ आहे असे लिहिलेले असले, तरी तो खरोखर निनावी आहे का, हे आधी विचारून घ्या. एकट्याने लिहिण्यापेक्षा दोन-चार जणांनी, त्यातही वेगवेगळ्या समाजांतल्या सहकाऱ्यांनी मिळून लिहिलेले जास्त ऐकले जाते. काही घडले तर त्याच दिवशी तारीख, शब्द, जागा आणि तिथे कोण होते हे स्वतःच्या वहीत टिपून ठेवा. रागाच्या भरात कंपनीचे नाव घेऊन समाजमाध्यमावर लिहू नका. आधी आतली दारे वाजवा आणि वाजवल्याचा पुरावा ठेवा.

‘लिहून काय होणार?’ असे विचारणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. आज ज्या पॉश प्रशिक्षणाला कंपन्या घाबरून का होईना बसवतात, त्याच्या मुळाशी राजस्थानातली भंवरीदेवी आहे. सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या या बाईने बालविवाह रोखायचा प्रयत्न केला, आणि १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ती गप्प बसली नाही. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ साली विशाखा खटल्याचा निकाल लागला, आणि २०१३ साली कायदा आला. एकवीस वर्षे लागली. एका कष्टकरी बाईच्या बोलण्यातून ती अंतर्गत समिती जन्माला आली, जिच्या सदस्यांची नावे आज तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलेली असतात.

समता सोयीपुरती नसते

आता थोडे आपल्याविषयी. प्रशिक्षणात स्त्रियांचा किंवा समलैंगिक व्यक्तींचा भाग आला की आपल्यातलेच काही तरुण एकमेकांकडे बघून हसतात, नंतर ग्रुपवर विनोद टाकतात. दलित सहकाऱ्याला आरक्षणावरून टोमणा बसला की गप्प राहतात. ईशान्य भारतातल्या मुलीला ‘चिनी’ म्हटले गेले तरी त्यांना काही वाटत नाही. मग आपल्या नावावरून कुणी काही बोलले तर इतरांनी उभे राहावे, ही अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची? श्रद्धा ज्याची त्याची. पण कामाच्या जागी कुणाचा अपमान होऊ नये, हा नियम एकाच मापाने लागू करावा लागतो. त्यातला आपल्याला हवा तेवढा तुकडा कापून घेता येत नाही.

हाच प्रश्न आपल्या संस्थांनाही विचारला पाहिजे. आपल्या समाजाने चालवलेल्या शाळा आहेत, दवाखाने आहेत, पतसंस्था आहेत, ट्रस्ट आहेत. दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या आपल्या किती शाळांत लैंगिक छळाविरुद्धची समिती खरोखर आहे? ट्रस्टच्या बैठकीत किती स्त्रिया बसतात? शिक्षिका बहुसंख्य आणि विश्वस्त सगळे पुरुष, हे चित्र आपल्याला खटकते का? बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मुलाणी, शिकलगार यांच्या मुलांना पदाधिकारी म्हणून किती जागा मिळतात? आडनाव ऐकून ‘अच्छा, वो लोग’ म्हणणारे आपल्याच घरांत आहेत. संस्थेतल्या हिंदू किंवा बौद्ध शिक्षकाला आपण परका वाटतो का, हे कधी त्याला विचारले आहे? ज्या दिवशी आपल्या एखाद्या शाळेत असा अभिप्रायाचा फॉर्म निघेल आणि त्यातला शेवटचा रकाना आपण शांतपणे वाचू, त्या दिवशी कॉर्पोरेट ऑफिसला प्रश्न विचारण्याचे आपले बळ दुप्पट होईल.

आणखी एक गोष्ट विसरू नये. हे प्रशिक्षण पगारपत्रकावर नाव असलेल्यांपर्यंतच पोहोचते. त्याच इमारतीत ठेकेदारामार्फत काम करणारा सुरक्षारक्षक, सफाई करणारी बाई, कॅब चालवणारा भाऊ, कॅन्टीनमधला पोऱ्या यांना कुणी बोलावत नाही. आपल्यातली बरीच मंडळी तिथेच काम करतात. लैंगिक छळाचा कायदा ठेकेदाराच्या कामगारांनाही लागू आहे, हे त्यातल्या अनेक बायकांना कुणी सांगितलेले नसते. तुम्ही लिफ्टने वर जाताना खाली उभ्या असलेल्या त्या माणसालाही या शब्दांचा अर्थ कळायला हवा. फॉर्ममध्ये हेही लिहा: ‘पुढचे सत्र ठेकेदाराच्या कामगारांसाठीही, मराठी आणि हिंदीतून घ्यावे.’

ईदची शेवया आणि बढतीची यादी

रमजानमध्ये ऑफिसात इफ्तार ठेवली जाते, सगळे टोपी घालून फोटो काढतात, तो फोटो कंपनीच्या पानावर झळकतो. हे चांगलेच आहे. एकत्र जेवल्याने माणसे जवळ येतात. शुक्रवारी दुपारी अर्धा तास उशिरा आलेले मॅनेजरने समजून घेतले, हिजाब घालणाऱ्या मुलीला मुलाखतीत त्याबद्दल विचारले गेले नाही, तर तेही चांगले. पण या सगळ्या सवलती आहेत, आणि सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. आपली मागणी त्याहून मोठी आणि त्याहून साधी आहे. अर्ज वाचताना नावावर बोट थांबू नये. बढतीची यादी करताना कामाकडे बघितले जावे. कुणी बोलले तर ते बोलणे नोंदले जावे, आणि बोलणाऱ्याचे वर्ष खराब होऊ नये.

हे मागण्यासाठी नेता व्हावे लागत नाही. मोर्चाही काढावा लागत नाही. जिथे तुमचे मत विचारले गेले आहे, तिथे ते द्यावे लागते. मत विचारून ते न वाचणारी ऑफिसे पुष्कळ आहेत, हे खरे. पण न दिलेले मत वाचण्याची सक्ती कुणावरच करता येत नाही. दिलेल्या मताबद्दल मात्र पुढच्या वर्षी विचारता येते: ‘मागच्या वेळी आम्ही हे लिहिले होते. त्याचे काय झाले?’

या वर्षीच्या प्रशिक्षणाचा मेल काहींना येऊन गेला असेल, काहींना यायचा असेल. तो आला की व्हिडिओ पूर्ण बघा, प्रश्नांची उत्तरे द्या, आणि शेवटी दोन ओळी लिहा. काय लिहिले आणि काय उत्तर आले, ते कंपनीचे नाव न घेता आम्हालाही कळवा. दहा शहरांतून अशा दोन-दोन ओळी जमल्या, तर पुढच्या वर्षी या विषयावर लिहिताना आपल्याला अमेरिकेच्या पाहण्यांवर अवलंबून राहावे लागणार नाही.